ताईच्या मापाच्या बांगड्या

शॉमबर्ग, रविवार, १६ मार्च २०२५

रिव्काताई,

शालोम. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॅपवर मला ब्लॉक केलंस. शेजारच्या सुशांतला फोन करून निरोप सांग म्हटलं, तर तो बिचारा दोन मिनिटांनी परत येऊन म्हणाला, "मावशी सांगतायत की त्या घरी नाहीत." तेव्हा आता पोस्टाचं तिकीट लावून लिहिते आहे. पत्र तरी तू उघडशील, कारण फुकट गेलेलं तिकीट तुला बघवणार नाही.

पुरीमचा सण छान झाला. सॅम्सनने सिनेगॉगमध्ये दुष्टाचं नाव आलं की वाजवायचा तो खरखरा एवढ्या जोरात फिरवला की त्याचा दांडा हातात राहिला आणि वरचा भाग पुढच्या बाईच्या टोपीत गेला. नवरा रिटायर झाला की लहान मूल होतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. जानेवारीत मी तुला याएलचं ठरलं म्हणून फोन केला, तेव्हा तू आधी खूश झालीस. मुलगा कोण, करतो काय, सगळं विचारलंस. मुलाचं, म्हणजे एझ्राचं, घर धर्म कडक पाळणारं आहे म्हटल्यावर तुझा आवाज बदलला. "त्यांच्या रब्बीने आपल्या पोरीला संशयाची बुडी मारायला लावली, तर मला लग्नाला बोलावू नकोस," म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून अबोला.

ताई, मला राग येतो तो तुझा नाही. इस्रायलमधल्या, अश्दोदच्या त्या दिवसांचा येतो. तू लग्नाची साडी घेऊन तिकडे गेलीस. मुलगा आपल्यातलाच, पेणचा, तिकडे स्थायिक झालेला. आणि गावातला एक रब्बी म्हणाला, बाकी काही नाही, फक्त मनात संशय नको म्हणून मुलीने तिघांसमोर मिकव्याच्या हौदात बुडी मारावी. नवरी लग्नाआधी पाण्यात उतरतेच, त्यात नवं काय, असं आम्हांला ठाण्यात वाटलं होतं. पण तो म्हणाला, पाण्यातली आभाराची बेराखा म्हणायची नाही. संशय असेल तिथे देवाचं नाव घ्यायचं नाही, असा नियम. म्हणजे ही यहुदी आहे की नाही तेच नक्की नाही, तर पाण्यात उभी राहून ती देवाचे आभार कोणत्या तोंडाने मानणार?

तू त्याला जे म्हणालीस ते आजही आपल्यातल्या म्हाताऱ्या लग्नकार्यात सांगतात. "आमच्या पूर्वजांचं जहाज नवगावला फुटलं तेव्हाच आमची बुडी झाली. आता बुडेन ती बेराखा म्हणून, नाहीतर कोरडीच परत जाईन." आणि आलीस की परत, कोरडी. मुलाच्या घरच्यांनी तोंडातून शब्द काढला नाही. तू शाळेत लागलीस, मुख्याध्यापिका झालीस, अख्ख्या ठाण्याला शिस्त लावलीस. लग्नाचं नाव काढलं नाहीस, आणि त्यानंतर कोणाच्या लग्नालाही गेली नाहीस. माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा तुला नेमकी शाळेची तपासणी निघाली होती.

आता माझं ऐक. रब्बींची भेट पुढच्या महिन्यात आहे. ते काय विचारणार, मला माहीत नाही. पण याएल माझी मुलगी असली तरी हात आणि हट्ट तुझे घेऊन आली आहे. तिच्या लग्नात तू नसलीस तर तो मांडव मला अर्धाच वाटेल. एवढंच.

तुझी सिम्हा

शॉमबर्ग, रविवार, २७ एप्रिल २०२५

ताई,

पेसाखचा सण संपला, आणि मी अजून जिवंत आहे. घराचा कोपरा न् कोपरा घासला. सॅम्सन म्हणाला, मी घरात आहे हे लक्षात असू दे, नाहीतर मलाही पुसून फडताळात ठेवशील.

रब्बींची भेट झाली. सविस्तर सांगते, कारण तू हे पत्र ओळ सोडून वाचणार नाहीस.

एझ्राचे आईवडील गोड माणसं आहेत. अडचण त्याच्या मोठ्या काकांची. ते म्हणे पुस्तकांत बुडालेले. चहा व्हायच्या आधीच त्यांनी विषय काढला की मुलगी उत्तम आहे, प्रश्नच नाही, पण भारतातला समाज, दूरचा इतिहास, तेव्हा मनाला चुटपुट नको म्हणून एक साधी बुडी, बेराखेशिवाय. अगदी तेच, ताई, शब्दाला शब्द. मी खुर्चीतून अर्धी उठले. सॅम्सनने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात धीर द्यायला होता की मला खाली दाबून धरायला, ते अजून ठरलेलं नाही.

मी काही बोलायच्या आत रब्बी क्लाइनमननी माझी केतुबा मागितली. ठाण्याची, लग्नात करार म्हणून लिहिलेली, आईने रेशमी कापडात गुंडाळून दिलेली. सावकाश वाचली, साक्षीदारांची नावं वाचली, घडी घातली, मला परत दिली. मग काकांकडे वळून म्हणाले, "हा संशय मोठमोठ्या लोकांनी माझ्या जन्माआधी मिटवला आहे. तो मी पुन्हा उकरणार नाही. ही नवरी आहे, इतर कुठल्याही नवरीसारखी. ती पाण्यात उतरेल आणि बेराखा म्हणेल."

काकांनी मान हलवली आणि बिस्किट घेतलं. एवढंच. तू ज्याच्यासाठी सगळं आयुष्य ताठ उभी राहिलीस, ते इथे एका बिस्किटाइतक्या वेळात झालं. मी मोरीत जाऊन रडले, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही.

मग मला मिकव्याची जागा आधी बघून ठेवायची होती, म्हणून नवी भांडी बुडवायच्या निमित्ताने मी तिकडे गेले. याएलच्या संसाराला घेतलेली सगळी धातूची आणि काचेची भांडी बुडवल्याशिवाय वापरायची नाहीत, असं एझ्राच्या आईने नम्रपणे सुचवलं होतं. भांड्यांचा हौद वेगळा, बाहेरच्या खोलीत. तिथली बाई, मिसेस लोवी, साठीची, चष्मा नाकाच्या टोकावर. स्टिकर तर काढायचाच, स्टिकरखालचा डिंकही रॉकेलसारख्या कशाने तरी पुसायचा. मी कुकर पुढे केला तर तिने शिट्टी काढायला लावली, रिंग काढायला लावली, झाकण वेगळं बुडवायला लावलं. पाणी आणि वस्तू यांच्यामध्ये काही म्हणजे काही नको. मी मनात म्हटलं, ही आपल्या ताईची बहीणच, फक्त चुकून शिकागोत जन्मली.

आतला हौद स्वच्छ आहे, निळ्या टाइल्सचा. त्याच्या शेजारी भिंतीआड दुसरा आहे, छपरावरून आलेल्या पावसाच्या पाण्याचा. दोघांच्या मध्ये एक भोक, तिथे नळाचं पाणी पावसाच्या पाण्याला भेटतं आणि मग चालतं. माझ्या लग्नाआधी मला आईने नवगावच्या समुद्रात नेलं होतं. परकर खोचून ती काठावर उभी, मी कुडकुडत पाण्यात. वर आले की ओरडायची, "केस तरंगले, पुन्हा!" तिथे भोक नव्हतं, टाइल्स नव्हत्या, सगळा अरबी समुद्र होता.

तर ताई, बेराखा म्हणायची आहे. आता तरी अबोला सोड. लग्न बावीस जूनला, रविवारी. तुझा व्हिसा अजून चालू आहे, मी पासपोर्टची झेरॉक्स काढून ठेवली होती.

सिम्हा

शॉमबर्ग, गुरुवार, १२ जून २०२५

ताई,

हे पत्र तुला मिळेपर्यंत लग्न होऊन जाईल, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज तुझी पेटी आली. आत चिठ्ठी नाही, नाव नाही, खुशाली नाही. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या. एकही फुटलेली नाही. ठाण्याच्या बाजारातल्या त्याच कासाराकडच्या ना? कागदाचा वाससुद्धा तिकडचा येत होता. मी टेबलावर एकेक लावून ठेवली आणि सॅम्सनला हाक मारली. तो म्हणाला, "रिव्काताईंनी पत्राला उत्तर दिलं." मला तेवढ्यासाठी त्याचे वर्षभराचे गुन्हे माफ.

याएलने एक उचलली, बोटांवर धरून बघितली आणि म्हणाली, "मम्मा, धिस इज टायनी." मी म्हटलं, तुझ्या मावशीच्या मापाची आहे. आपल्या घराण्यातले हात मऊ, हाडं वळतात, कासार नेहमी म्हणायचा की अशा हातात बांगडी भरायला मजा येते. सैल बांगडी म्हणजे उसनी बांगडी, असं आई म्हणायची. मनगटाला धरून बसली तरच ती नवरीची.

चुडा भरायला डेव्हन अव्हेन्यूवरच्या प्रीताला सांगितलं आहे. तिला वेळ फक्त बुधवारी, अठराला. त्याच दिवशी घरी मेंदी, मलिदा आणि एलियाहू हन्नबीची गाणी. न्यू जर्सीहून रेखाकाकू येणार आहे, म्हणजे गाण्यांचा सूर गेला, पण आवाज भरपूर.

तू येत नाहीस, हे मी आता मनाला सांगते आहे. बांगड्या आल्या, तेही खूप आहे.

सिम्हा

शॉमबर्ग, शुक्रवार, २० जून २०२५, दुपार

ताई,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू वरच्या खोलीत झोपली आहेस आणि मी खाली स्वयंपाकघरात बसून तुला पत्र लिहिते आहे. कोणी बघितलं तर हसेल. पण तोंडाने सांगायची माझी छाती होत नाही.

आज सकाळी याएल म्हणाली, मम्मा, चल, एअरपोर्टवर एक पार्सल घ्यायचं आहे. आणि पार्सल व्हीलचेअर नाकारून, स्वतःची बॅग ओढत, कस्टमच्या माणसाला अजून काहीतरी समजावत बाहेर आलं. तुम्हां दोघींचं व्हॉट्सॅपवर सगळं चालू होतं, मला एकटीलाच ब्लॉक केलं होतंस, हे मला गाडीत कळलं. त्याचा हिशेब लग्न झाल्यावर करू. आता एवढंच सांगते की तुला दारातून येताना बघितलं आणि माझा अर्धा मांडव पूर्ण झाला.

पण तू गाडीत याएलचे हात हातात घेतलेस आणि तिने बाह्या खाली ओढल्या. तू बघितलंस, हे मी आरशात बघितलं.

तर ऐक. परवा प्रीताने चुडा भरला. साबण लावून, पोरीचा अंगठा दाबून, गप्पा मारत मारत. बांगड्या अशा बसल्या की सगळ्या बायकांनी वाहवा केली. रेखाकाकू म्हणाली, अमेरिकेत असा चुडा बघितला नव्हता. माझी मान ताठ. मिकवा दुसऱ्या दिवशी आहे, हे मला माहीत होतं. मिकव्यात अंगावर काही चालत नाही, हेही माहीत होतं. कुकरची शिट्टी काढणारी बाई मी डोळ्यांनी बघितली होती. पण चुडा म्हणजे काढायची वस्तू, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. दागिना काढतात. चुडा कोण काढतं?

काल दुपारी गेलो. नवरीला दिवसाउजेडी जाता येतं. याएलने सगळं नीट केलं होतं. नखं कापलेली, नेलपॉलिश काढलेलं, लेन्सेस डबीत, केसांत गाठ राहू नये म्हणून इतकं विंचरलेलं की डोकं दुखायला लागलं. मेंदीबद्दल मी धास्तावले होते, तर मिसेस लोवी म्हणाली, रंग चालतो, रंगाला जाडी नसते. मला हायसं वाटलं. मग तिने हात पुढे करायला सांगितलं.

आम्ही सगळे प्रयत्न केले. साबण, तेल, बर्फ, हातावर प्लास्टिकची पिशवी. उजव्या हातातल्या निघाल्या. डाव्या हातातल्या शेवटच्या काही निघेनात, अंगठ्याशी येऊन अडकायच्या. हात लाल झाला. मिसेस लोवीने सुईदोरा आणला आणि बांगडीखालून दोरा जातो का बघितलं. सैल असती तर पाणी आत गेलं असतं आणि प्रश्न मिटला असता. दोरा गेला नाही. मी जिच्यासाठी मान ताठ केली होती, तीच घट्ट बसण्याची खुबी आडवी आली.

तिने रब्बींना फोन लावला. बोलून आली आणि खुर्ची ओढून आमच्यासमोर बसली. ती वाईट बाई नाही, ताई. तिलाही अवघड जात होतं. म्हणाली, बांगड्या निघणारच नसतील तर रब्बी म्हणतात बुडी मारू द्या, लग्न थांबणार नाही. पण पाणी सगळीकडे पोचलं याची खात्री नाही, संशय आहे. "तेव्हा बेराखा म्हणू नका."

काकांच्या हट्टावरून नाही, आमच्या रक्तावरून नाही, तर तू पाठवलेल्या बांगड्यांवरून तोच शब्द माझ्या मुलीपर्यंत येऊन पोचला होता.

मी म्हटलं, फोडायच्या तर नाहीतच. लग्न तीन दिवसांवर, नवरीच्या हातातला चुडा, आणि तो बहिणीने पाठवलेला. आमच्यात बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात, इतकी ती गोष्ट तोंडाने काढायला नको. मिसेस लोवीला हे इंग्रजीत समजावता समजावता मला रडू आलं. मी याएलला म्हणाले, बेराखा मनात म्हण. देव काय बहिरा आहे?

याएल टॉवेल गुंडाळून बाकावर बसली होती. ती म्हणाली, "मम्मा, मावशीने मनात म्हटली असती?"

मी पुन्हा तेलाची बाटली उचलली.

"शी वुड ब्रेक देम हरसेल्फ," ती म्हणाली. "तुला माहितीये."

मला माहीत होतं. तू जे सोडून परत आलीस ते या बांगड्यांपेक्षा किती मोठं होतं. मी तिचं मनगट टॉवेलात गुंडाळलं, खाली दुसरा टॉवेल घातला आणि माझ्या हाताने, दगडी साबणदाणीने, एकेक वाढवली. आवाज अगदी बारीक झाला. मी सगळ्या वाढवल्या, निघालेल्यासुद्धा मग परत घातल्या नाहीत. मिसेस लोवीने भिंग घेऊन तिचं मनगट तपासलं, काचेचा कण राहिला तर तोही आडवा येतो म्हणून. कुठे खरचटलंही नव्हतं. आईच्या हातून व्हायचं ते नीट झालं.

मग ती पाण्यात उतरली. एकदा पूर्ण खाली गेली, वर आली. मिसेस लोवी म्हणाली, "कोशर," म्हणजे बुडी नीट झाली. आणि याएलने बेराखा म्हटली. टाइल्सच्या त्या खोलीत तिचा आवाज छतापर्यंत गेला. शब्द हिब्रू होते, पण हेल आपला होता, ठाण्याचा, शनिवारी सकाळी बाबा म्हणायचे तसा. तिने तो कुठून उचलला, देव जाणे. मी आमेन म्हटलं. ती पुन्हा खाली गेली तेव्हा एक बट तरंगली आणि मिसेस लोवीच्या आधी मीच ओरडले, "केस तरंगले, पुन्हा!"

तर असं आहे. तुझ्या बांगड्या नाहीत. तुकडे माझ्या रुमालात आहेत. एझ्रा लग्नात पायाखाली जो ग्लास फोडणार, त्याच्या कापडात ते बांधायचे असं याएलचं म्हणणं आहे. मला ते आवडलं, पण ती तुझी वस्तू, तू सांगशील तसं.

शब्बाथचे दिवे लावायला अजून वेळ आहे. चिकनचा रस्सा झाला, नारळाचं दूध शेवटी घालीन. मी हे दाराखालून सरकवते. रागावलीस तर जेवायला तरी ये, राग जेवून झाल्यावर काढ.

तुझी सिमू

त्याच कागदाच्या मागे, रिव्काच्या अक्षरात:

सिमू,

दाराखालून चिठ्ठ्या सरकवायला आपण शाळेत आहोत का? मी जागीच होते. तुझी पावलं जिन्यावर तीनदा येऊन परत गेली.

वाढवल्यास ते बरं केलंस. मी असते तर साबणदाणी शोधत बसले नसते. माप माझंच चुकलं. कासार सांगत होता, पोरीचा हात बघितल्याशिवाय घेऊ नका, पण मला कोण सांगणार. माझ्या बॅगेच्या तळाशी एक माप मोठ्या आहेत, त्याने बळेच दिल्या. रविवारी सकाळी मी स्वतः भरीन. तुकडे ग्लासाच्या कापडात बांधा.

चहा ठेव, मी खाली येते. आणि याएलला बोलाव. ती बेराखा मला तिच्या तोंडून ऐकायची आहे. पाण्याबाहेर उगाच देवाचं नाव घेऊ नये, तेवढं गाळून म्हण म्हणावं. पण मोठ्याने.